टांगा, जेटपॅक आणि आपली मुले

गेल्या वर्षीच्या पालक सभेत शिरपूर तालुक्यातून आलेल्या एका मातेने उभे राहून आम्हाला विचारले, "गुरुजी, पोरगा सुटीत घरी येतो आणि दिवसभर मोबाइलमध्ये माणसं मारत बसतो. बुद्धाच्या शाळेत हेच शिकवता का?" सभेत हशा पिकला. आम्हाला मात्र हसता आले नाही. त्या माउलीचा दिवस कापूस वेचण्यात जातो. तिने पै-पै जोडून घेतलेला मोबाइल तिच्या मुलाला काय करीत आहे, हे विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. त्या दिवशी आम्ही काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

मुलगा खेळत होता तो खेळ म्हणजे 'मिनी मिलिशिया'. 'डूडल आर्मी टू' हे त्याच्या नावाचे पहिले अंग. अ‍ॅप्सोम्नियाक्स या अमेरिकी कंपनीने तो काढला आणि भारतातील वसतिगृहांनी तो डोक्यावर घेतला. व्यंगचित्रासारखे दिसणारे छोटे सैनिक, काल्पनिक भविष्यातील शस्त्रे आणि प्रत्येक सैनिकाच्या अंगी उडण्याचे यंत्र, म्हणजे जेटपॅक, असा त्याचा थाट आहे. डाव्या अंगठ्याने उडायचे, उजव्या अंगठ्याने नेम धरायचा. इंधन संपले की सैनिक खाली येतो. क्षणभर थांबले की इंधन पुन्हा भरते. गोळी लागून पडलेला सैनिक काही क्षणांत पुन्हा उभा राहतो.

हा खेळ आपल्या मुलांपर्यंतच इतका का पोहोचला, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्याला इंटरनेट लागतेच असे नाही. एकाने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला की शेजारी बसलेली बारापर्यंत मुले एकाच रणांगणात उतरू शकतात. डेटा महाग होता त्या काळातही रिचार्ज नसलेला मुलगा या खेळाबाहेर राहिला नाही. म्हणून तो खोलीखोलीत पसरला, एसटीच्या मागच्या बाकावर पसरला, यात्रेच्या मंडपामागे पसरला. आठवीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हालाही तो शिकवला. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही अकरा वेळा मेलो. "सर, तुम्ही उडायचं विसरता," असे तो म्हणाला. एरवी वर्गात तोंड न उघडणारा हा मुलगा त्या पाच मिनिटांत आमचा गुरू झाला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता त्या मातेचा पहिला आक्षेप : माणसे मारणे. पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे, आणि आपल्या शाळेचा दिवस त्रिसरण-पंचशीलानेच सुरू होतो. मग हे कसे चालते? आमचे मत असे की, तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले आहे. कागदावरचा सैनिक खोडणाऱ्या मुलाच्या मनात द्वेष नसतो. खेळ संपल्यावर ज्याला 'मारले' त्याच्याच ताटातली भाकरी तो मोडून खातो. आपल्या बालपणी आपणही गिरणेच्या वाळूत लाकडाच्या तलवारींनी लढाया केल्या आहेत. पण एक धोका आम्हाला दिसतो. ज्या समाजाच्या कित्येक घरांत सैनिकांचे फोटो भिंतीवर आहेत, त्या समाजातील मुलांना मरण हे काही क्षणांचे वाटू लागले, तर ते खरे नुकसान होय. खऱ्या युद्धात पडलेला माणूस पुन्हा उठत नाही, आणि त्याच्या घरी मरणाची खबर जाते. हे सांगण्याचे काम खेळाचे नव्हे, आपले आहे.

दुसरा आक्षेप 'दिवसभर' या शब्दात आहे, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. आणि त्याचे कारण त्या शीलातच आहे, ते म्हणजे प्रमाद, मनाची बेसावध अवस्था. या खेळाला पहिल्या शीलापेक्षा पाचव्या शीलाच्या कसोटीवर घासावे. जो खेळ अर्ध्या तासाने मुलाला मोकळा करतो, तो खेळ. जो जेवण, झोप, अभ्यास आणि आईची हाक विसरायला लावतो, तो प्रमाद. जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळाच्या अशा अतिरेकी आहारी जाण्याला २०१९ साली आपल्या विकारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. आणि ज्या खेळात पैसा लावावा लागतो, त्याविषयी तर चर्चाच नको. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पालकांनी मुलाच्या मोबाइलमध्ये तसा खेळ दिसला तर त्या दिवशीच तो काढून टाकावा.

मग बंदीच का घालू नये? येथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका वसतिगृहाची जबाबदारी आमच्याकडे असताना, आम्ही सर्व मोबाइल जप्त करून कपाटात कुलूपबंद केले. एक मुलगा रात्री भिंत ओलांडून गावात खेळायला जाऊ लागला. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा आम्ही त्याला शिस्तीचा धडा म्हणून पंधरा दिवसांसाठी घरी पाठवले. घरी कोणी नव्हते. आईवडील साक्री तालुक्यातील आपले गाव सोडून ऊसतोडीला गेले होते. मुलगा त्यांच्या मागे फडावर गेला आणि पुन्हा शाळेत आला नाही. आम्ही दोनदा शोधायला गेलो. एकदा टोळी पुढच्या कारखान्याकडे निघून गेली होती. दुसऱ्यांदा तो भेटला, पण मान खाली घालून नाही म्हणाला. एका खेळापायी नव्हे, आमच्या निर्णयापायी एक विद्यार्थी गेला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली, तेव्हा आम्ही हे आठवत होतो. पुढच्याच वर्षी तो खेळ नव्या नावाने परत आला. बंदीने खेळ जात नाही. कधीकधी मूल मात्र जाते.

आता वाचकांना आम्ही चाळीसगावी घेऊन जातो. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून परतताना ते लोकाग्रहास्तव चाळीसगावी उतरले. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर झालेला माणूस असला तरी त्याच्यासाठी टांगा हाकणे टांगेवाल्याला कमीपणाचे वाटले. पाहुण्याला पायी नेणे आपल्या माणसांना अपमानाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातलाच एक जण, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, तो पुढे बसला. पुलावर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फेकले गेले, घोडा व टांगा नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आम्ही हा प्रसंग वर्गात शिकवतो तेव्हा अस्पृश्यतेचा क्रूरपणा सांगून थांबत नाही. त्या अनामिक बांधवाकडेही मुलांचे लक्ष वेधतो. त्याच्याजवळ स्वाभिमान होता, धैर्य होते. नव्हती ती वाहन हाकण्याची विद्या. ती विद्या त्याच्यापासून दूर ठेवली गेली होती. आम्हाला वाटते, आपल्या समाजाचा गेल्या शतकातील प्रवास या एका प्रसंगावरून मोजता येईल. वाहनात बसण्याचा हक्क आपण मिळवला. वाहन हाकण्याची विद्या मिळवली. आज आपल्या घरांत चालक आहेत, इंजिनिअर आहेत. तिसरी पायरी वाहन बनवण्याची आहे. मोबाइलच्या पडद्यावर आपला मुलगा जेटपॅक सफाईने उडवतो. पण ते जेटपॅक, ते रणांगण, ते नियम दुसऱ्या कोणीतरी रचलेले आहेत. तो अजून बसणाराच आहे, हाकणारा असल्याचा त्याला भास होतो एवढेच.

म्हणून खेळ हिसकावून घेण्याऐवजी तो उघडून दाखवावा, असे आमचे सांगणे आहे. जेटपॅक हे नुसते कल्पनेतले यंत्र नाही. युरी गागारिन अवकाशात गेल्यावर आठच दिवसांनी, २० एप्रिल १९६१ रोजी, अमेरिकेत हॅरोल्ड ग्रॅहॅम नावाच्या माणसाने पाठीवर बांधलेल्या रॉकेटने पहिले मुक्त उड्डाण केले. तेरा सेकंदांत तो सुमारे चौतीस मीटर गेला. पाठीवरच्या टाक्यांत तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड होते; ते चांदीच्या जाळीवरून जाताना तप्त वाफ होऊन वेगाने खाली सुटे आणि माणूस वर उचलला जाई. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. पण इंधन पुरायचे ते जेमतेम वीस सेकंद. पुढे ७ फेब्रुवारी १९८४ रोजी ब्रूस मॅककँडलेस हा अंतराळवीर नायट्रोजन वायूच्या झोतावर चालणारे यंत्र पाठीला लावून, कोणत्याही दोरीशिवाय यानापासून दूर तरंगला. आमच्या विज्ञान शिक्षकांनी हे सांगितले तेव्हा मुलांनीच प्रश्न विचारला, "सर, मग खेळात इंधन आपोआप कसं भरतं?" त्या एका प्रश्नावर तासभर वर्ग चालला.

खेळ बनवणारी माणसे फक्त अमेरिकेत राहतात, असेही नाही. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने 'इंडस' नावाचा भविष्यकाळात घडणारा लढाईचा खेळ बनवून ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. सिंधू संस्कृती आजपर्यंत टिकली असती तर तिचे भविष्य कसे दिसले असते, या कल्पनेवर तो उभा आहे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला हे विशेष वाटले. सिंधू संस्कृतीच्या शोधाची वार्ता जॉन मार्शल यांनी जगाला दिली ती सप्टेंबर १९२४ मध्ये, म्हणजे हा खेळ येण्याच्या शंभर वर्षे आधी. आणि मोहेंजोदडो येथे राखालदास बॅनर्जी खोदायला गेले होते ते एका बौद्ध स्तूपासाठी. स्तूपाखाली त्यांना नगर सापडले.

पण आमचा एक आक्षेपही आहे. त्या नगरांच्या अवशेषांत गटारे, विहिरी, स्नानगृहे, वजने आणि खेळणी भरपूर सापडतात. युद्धाची चित्रे जवळपास सापडत नाहीत. अशा संस्कृतीच्या नावाने सुद्धा बंदुकीचाच खेळ का सुचावा? चाकांची मातीची गाडी बनवून मुलाच्या हाती देणाऱ्या त्या लोकांचा वारसा बांधण्याच्या खेळात अधिक शोभला असता. शिवाय तो वारसा दूरच्या सिंधूकाठीच आहे असे नाही. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ येथे, तापीकाठी प्रकाशे येथे उत्खननात ताम्रपाषाण काळातील वस्त्या मिळाल्या. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खोदताना ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. रथावर एक माणूस उभा आहे. तो बसलेला नाही, हाकतो आहे. हा खेळ आपल्या मुलांपैकी कोणी बनवला, तर तो खानदेशाच्या मातीतून सुरू होईल. तो सातपुड्याचा असेल, पांझरेचा असेल. त्यात कोणाला शत्रू ठरवायचे, हे ठरवणाऱ्यांत आपलाही आवाज असेल. इतिहास कोण लिहितो यावर आपण इतकी वर्षे बोलतो. खेळ कोण रचतो, हाही आता त्याच प्रश्नाचा भाग झाला आहे.

आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. वसतिगृहात मोबाइल अधीक्षकांकडे राहावेत, पण शनिवारी सायंकाळी दोन तास ते मुलांना मिळावेत, आणि त्या वेळी एक शिक्षक त्यांच्यात बसावा. संगणक कक्षात आठवड्यातून एकदा खेळ बनवण्याचा वर्ग असावा. स्क्रॅचसारखी मोफत साधने त्यासाठी पुरेशी आहेत. पुण्या-मुंबईत, बंगळूरला संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे : जुने लॅपटॉप पाठवा, त्याहून बरे, वर्षातून चार रविवार स्वतः या. आपल्यापैकी अनेकांना या शाळेने पहिल्यांदा संगणकाला हात लावू दिला होता. आणि पालकहो, मुलाच्या हातातला खेळ एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. तो काय करतो आहे, हे त्यालाच विचारा. आमच्या अनुभवाने सांगतो, तो फार आनंदाने सांगेल.

त्या शिरपूरच्या माउलीला आमचे उत्तर असे : ताई, आम्ही तुमच्या मुलाला माणसे मारायला शिकवत नाही. त्याला बेसावध होऊ देणार नाही, हा आमचा शब्द. आणि तो वेळ वाया घालवतो म्हणून त्याला घरीही पाठवणार नाही. ती चूक आम्ही एकदा केली आहे. चाळीसगावच्या त्या पुलावर जो बांधव लगाम हाती घेऊन बसला, त्याला शिकवणारे कोणी नव्हते. तुमच्या मुलाला आहे.