ताबा कोणाचा सुटतो?

'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने' हे शब्द आपण इतक्या वेळा वाचले आहेत, की आता ते वाचले जात नाहीत, नुसते डोळ्यांखालून जातात. आम्हां दोघांपैकी एक साताऱ्यात मराठी शिकवतो, दुसरा सांगलीत. व्याकरणाच्या तासाला आम्ही हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि विचारतो, यात कर्ता कोण? विद्यार्थी थबकतात. 'सुटला' या क्रियापदाचा कर्ता 'ताबा' आहे. चालक षष्ठीत उभा आहे, आणि रस्ता वाक्यात नाहीच.

हा केवळ व्याकरणाचा खेळ आहे, असे कोणी समजू नये. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना लागणारे 'एस' आकाराचे वळण वर्षानुवर्षे माणसे गिळत आले. १० एप्रिल २०१८ रोजी पहाटे तेथे मजुरांना नेणारे वाहन उलटले आणि १८ जण गेले. विजापूर भागातून पोटासाठी निघालेली ती माणसे होती. अशा मरणाला आपली वृत्तभाषा 'काळाचा घाला' म्हणते. काळाने ते वळण आखले नव्हते, की मालवाहू गाडीत माणसे भरली नव्हती. पुढे नव्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेतले गेले, त्यामागे हे वळण टाळणे हाही हेतू होता. म्हणजे दोष वळणाचा होता, हे शासनाने कागदोपत्री मान्य केले. भाषेने मात्र अजून केलेले नाही.

शासकीय परिभाषाही निर्दोष नाही. महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा टप्पा 'ब्लॅक स्पॉट' ठरतो तो केव्हा? तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे मेली, म्हणजे! मग तेथे पाटी लागते, 'अपघातप्रवण क्षेत्र'. जणू प्रवणता हा त्या मातीचाच गुण!

आता यावर उपाय म्हणून कॅमेरे आले आहेत. कॅमेऱ्याला आमचा विरोध नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात पडले. वेग मोजलाच पाहिजे. पण कॅमेरा पाहतो तो क्रमांक. संदेश जातो तो मालकाच्या भ्रमणध्वनीवर. दंड साचतो आणि लोकअदालतीत तडजोडीने मिटतो. स्टिअरिंगवरचा हात या साऱ्या व्यवहारातून अलगद निसटतो. त्या हाताला खेपेवर पैसे मिळतात आणि झोप मिळत नाही, हे कोणत्या कॅमेऱ्यात दिसते? गळिताच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. मागे ना दिवा, ना परावर्तक. त्यांचा वेग मुळात कमीच असतो; वेगमापक त्यांना निर्दोष ठरवील. मागून येणारा दुचाकीस्वार मात्र घरी पोचत नाही, आणि फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात' हे ठरीव शब्द बहुधा त्याच्याच नावावर पडतात.

कायदा आंधळा नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल मानकांनुसार न केल्याने मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटचा दंड पोराटोरांना तोंडपाठ आहे. हे कलम आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : कॅमेरा वाहनाकडे रोखला आहे, तो रस्त्याकडेही वळवा. प्रत्येक जीवघेण्या अपघातानंतर चालकाच्या चौकशीबरोबर वळणाची, उताराची, दिव्यांची आणि चालकाच्या कामाच्या तासांचीही चौकशी व्हावी, आणि ती लोकांपुढे यावी. गाळपाला जाणारी ट्रॉली परावर्तकाशिवाय कारखान्याच्या काट्यावर चढू नये. त्याला कसलेही नवे यंत्र लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मराठीच्या प्राध्यापकांनी ही उठाठेव का करावी? कारण उद्या या बातम्या, या फिर्यादी आणि हे शासकीय अहवाल लिहिणारे हात आज आपल्या वर्गात बसले आहेत. कर्ता गाळून वाक्य लिहिण्याची सवय त्यांना आपण लावणार आहोत की मोडणार आहोत?