उत्पन्न कुणाचं मोजायचं?

“तुम्ही घरीच असता ना? मग सांभाळायला वेगळे पैसे कशाला लागतात?” संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन गेलेल्या एका आईला गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयात हा प्रश्न विचारला गेला. तिच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. वय अकरा, पण मान अजून धरत नाही. पातळ भात चमच्याने भरवतानाही ठसका लागतो, म्हणून एका जेवणाला तासभर जातो. अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून दोन-तीनदा उठून त्याला कुशीवर वळवावं लागतं. ही बाई पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. मुलासाठी तिने ते काम सोडलं. सरकारी भाषेत त्याचं झालं, ‘आई घरीच असते’.

दाखल्यांच्या आणि रांगांच्या तक्रारी या सदराच्या वाचकांना नव्या नाहीत. मात्र या वेळी संताप आला तो दाखल्यात मागितलेल्या आकड्याचा. या योजनेतून दिव्यांगांना दरमहा मिळणारी रक्कम २०२५मध्ये दीड हजारावरून अडीच हजार रुपये झाली. ही वाढ हवीच होती. पण दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावं, ही अट आहे. म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपये. एखाद्या सोसायटीत रात्रपाळी करणारा वॉचमनही या हिशोबात श्रीमंत ठरतो आणि त्याचं मूल योजनेबाहेर जातं. मूल स्वतः एक रुपया कमवत नाही. मोजलं जातं ते आईबापाचं उत्पन्न.

आईबापाचं उत्पन्न मोजण्याच्या याच नियमाने ४५ वर्षांपूर्वी अमेरिकेत एका लहान मुलीला इस्पितळात अडकवून ठेवलं होतं. तिची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी.

केटी बेकेट. जन्म १९७८चा, आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सचा. पाच महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला. त्यातून ती वाचली, पण श्वास घेण्याची ताकद गेली आणि ती व्हेंटिलेटरवर आली. महिन्यांमागून महिने इस्पितळात गेले. आईबापाचा खासगी विमा संपला आणि मेडिकेड या सरकारी योजनेने खर्च उचलला. तीन वर्षांची होईपर्यंत केटी दिवसातले काही तास व्हेंटिलेटरशिवाय राहू लागली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आईबाप तर त्याचीच वाट पाहत होते. आडवा आला तो नियम. मूल इस्पितळात असेपर्यंत आईबापाचं उत्पन्न मोजायचं नाही, पण ते घरी आलं की मोजायचं. बेकेट दांपत्य मध्यमवर्गीय होतं. मुलगी घरी आली असती त्या दिवशी तिचा सरकारी आधार तुटला असता, आणि नर्स, यंत्रं, औषधं यांचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. घरच्या देखभालीला इस्पितळाच्या सुमारे एक षष्ठांश खर्च येणार होता. तरी सरकार सहापट पैसे मोजून मुलीला आईपासून दूर ठेवत होतं.

स्थानिक लोकप्रतिनिधी टॉम टॉक यांनी हे प्रकरण उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कानावर घातलं आणि तिथून ते रोनाल्ड रेगन यांच्यापर्यंत पोचलं. १० नोव्हेंबर १९८१च्या पत्रकार परिषदेत रेगन यांनी केटीचं उदाहरण देऊन या नियमावर टीका केली. रेगन सरकारी खर्च कापायला निघालेले अध्यक्ष होते. या एका मुलीच्या बाबतीत करुणा आणि काटकसर एकाच बाजूला उभ्या होत्या, हे त्यांना लगेच दिसलं. काही दिवसांतच आरोग्यमंत्र्यांनी तिच्यासाठी नियम शिथिल केला आणि नाताळच्या आधी केटी घरी आली. पुढच्याच वर्षी, १९८२मध्ये कायद्यात तरतूद झाली: राज्याची तयारी असेल, तर गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाची पात्रता ठरवताना आईबापाचं उत्पन्न बाजूला ठेवून फक्त मुलाचं उत्पन्न पाहायचं. आजही तिला ‘केटी बेकेट’ तरतूद म्हणतात. इस्पितळाबाहेर केटीचं शिक्षण झालं, तिने महाविद्यालयाची पदवी घेतली, अपंगांच्या हक्कांसाठी काम केलं. २०१२मध्ये ती गेली तेव्हा ३४ वर्षांची होती. तिची आई ज्युली हिने पुढची सगळी वर्षं इतरांच्या मुलांसाठी घालवली.

तिथेही सगळं आलबेल नाही. टेनेसी राज्याला अशी योजना सुरू करायला २०२० उजाडलं, म्हणजे कायद्यानंतर ३८ वर्षं. घरपोच सेवांच्या प्रतीक्षायाद्यांवर देशभरात सहा लाखांहून अधिक माणसं आहेत. तिकडे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांनाही याची झळ बसते. या याद्या ज्या त्या राज्याच्या असतात. न्यू जर्सीतून टेक्सासला बदली झाली की आधीचा नंबर संपतो, नव्या रांगेच्या टोकाला उभं राहायचं, आणि टेक्सासमधल्या काही सेवांच्या रांगा दहा वर्षांहून लांब आहेत. इंडियाना राज्यात आईबापांना मुलाच्या देखभालीचं वेतन मिळत होतं. खर्चाचा अंदाज चुकला, मोठी तूट दिसली आणि २०२४मध्ये राज्याने अल्पवयीन मुलांच्या आईबापांसाठी ते बंद केलं. आयांनी मुलांना घेऊन विधानभवन गाठलं. उलट अॅरिझोनाने महासाथीच्या काळात सुरू केलेलं असं वेतन त्याच वर्षी कायम केलं.

केटीच्या बाजूने एक गोष्ट होती, ती आपल्याकडच्या मुलांच्या बाजूने नाही. तिच्या इस्पितळाचं बिल सरकार भरत होतं. म्हणून ती घरी आली तर किती वाचेल, हे कागदावर मांडता आलं. महाराष्ट्रातलं मूल आधीपासूनच घरी आहे. त्याला कोणी वर्षानुवर्षं इस्पितळात ठेवत नाही, म्हणून सरकारला कुठलं बिल येत नाही आणि कुठली बचतही दिसत नाही. आईची अर्धवट झोप, सुटलेली नोकरी, मुलाला उचलून उचलून धरलेली कंबर, यांची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात होत नाही. घरची काळजी स्वस्त पडते असं जगभर म्हणतात. ती स्वस्त पडते, कारण तिचा मोठा भाग एका बाईच्या अंगावर फुकट पडलेला असतो.

कायद्याला हे दिसलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम २४मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी शब्दरचनाही आहे आणि राज्यांना तिच्याआड लपता येतं. केरळने हा कायदा येण्याच्या आधीच ‘आश्वासकिरणम’ योजना सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे आणि तीही थकल्याच्या बातम्या येत असतात. तरीही ते पैसे काळजी घेणाऱ्या माणसाचे म्हणून दिले जातात, हे मोठं आहे. रुग्णाच्या अनुदानात काळजी घेणारीचा वाटा गृहीत धरून तिला पुसून टाकलेलं नाही.

महाराष्ट्राने दोन गोष्टी तरी कराव्यात. जास्त आधाराची गरज असलेल्या मुलाच्या अर्जात आईबापाचं उत्पन्न विचारणं बंद करावं. निदान ५० हजारांची मर्यादा माणसाच्या जगण्याशी काही नातं राहील इतकी वाढवावी. आणि काळजी घेणाऱ्याच्या नावाने वेगळा भत्ता तिच्या खात्यात जमा करावा. तिसरी गोष्ट खरं तर पैशाइतकीच निकडीची आहे: आठवड्यातून काही तास घरी येऊन मुलाला सांभाळणारं प्रशिक्षित माणूस. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘सहयोगी’ योजनेत अशा काळजीवाहकांना प्रशिक्षण मिळतं. त्यांचा पगार मात्र कुटुंबानेच द्यायचा, आणि वॉचमनच्या घरी तो निघत नाही. आईला ताप येतो, तिच्या भावाचं लग्न असतं, तिलाही स्वतःचे दात दाखवायला जायचं असतं.

तोवर ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी ‘निरामय’चा अर्ज जरूर भरावा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा हा आरोग्यविमा आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. जास्त उत्पन्न असलेल्यांनाही तो मिळतो, फक्त त्यांचं नोंदणी शुल्क थोडं अधिक असतं. थेरपीचा आणि त्यासाठीच्या प्रवासाचा खर्चही ठराविक मर्यादेत त्यात बसतो. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्था अर्ज भरायला मदत करतात. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ती तारीख चुकवू नये.