एक शब्द आणि दिवसभराचा उपास

मैत्रिणींनो, इंग्रजी ‘वेअर’चा अर्थ विचारला तर तुम्ही पटकन सांगाल, ‘घालणे’. मीही शिकवणीत तेवढाच सांगितला होता, आणि त्यापायी एका बाईला संध्याकाळपर्यंत उपाशी राहावं लागलं!

त्याचं असं झालं. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आलेली एक चिनी बाई माझ्याकडे इंग्रजी शिकते. मागे तिची दाढ काढली. बधिरपणा ‘वेअर ऑफ’ होईपर्यंत काही खाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला वाटलं, अंगावरचं काहीतरी काढायचं असेल. विचारायची लाज वाटली. घरी येऊन तिनं घड्याळ काढलं, गळ्यातली साखळी काढली, तरी खावं की नाही ते कळेना. संध्याकाळी मला विचारते, “टीचर, आणखी काय काढू?” मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. आधी तिला गार केलेली भाताची पेज दिली, मग वही उघडली.

तिच्या भाषेत कपडे, बूट, मोजे यांना ‘छ्वान’. टोपी, चष्मा, घड्याळ, दागिने यांना ‘दाय’. अत्तर फवारायचं, दाढी ‘ठेवायची’. इंग्रजीत मात्र या सगळ्यांना एकच ‘वेअर’. आपलं तरी काय निराळं? आपण साडी नेसतो, गजरा माळतो, कुंकू लावतो.

दुसरा घोळ असा, की बूट चढवतानाही ‘छ्वान’ आणि पायात असतानाही ‘छ्वान’. म्हणून ती फोनवर ‘आय अॅम वेअरिंग माय शूज’ म्हणते, तेव्हा बाई अजून घरातच असतात! चढवण्याला ‘पुट ऑन’ आणि अंगावर असण्याला ‘वेअर’. आपल्या ‘घालतेय’मुळे आपणही इथं फसतो, बरं का!

आता ‘वेअर ऑफ’. कापड घालून घालून विरतं, तिथूनच या शब्दाला झिजण्याचा अर्थ आला. कोपरावर विरलेला स्वेटर ‘वोर्न’, दिवसभर राबून गळून गेलेली बाई ‘वोर्न आउट’, आणि हळूहळू ओसरतो तो बधिरपणा ‘वेअर्स ऑफ’. चिनीत झिजण्याला घासण्या-दळण्याचा ‘मो’ हा अगदी वेगळा शब्द आहे. मग हा धागा तिला आपला आपण कसा सापडावा? मी माझ्या चपलेची झिजलेली टाच दाखवली, तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

तेव्हा मुलांचा अभ्यास घेताना शब्दापुढे एकच अर्थ लिहून थांबू नका. अशा शब्दाला वहीचं एक पान द्या, आणि प्रत्येक अर्थाला घरातलंच एक वाक्य लिहवून घ्या.

आणि हो, ‘कळलं नाही, पुन्हा सांगाल का?’ हे इंग्रजी वाक्य सर्वांत आधी शिकवा. मी ते शिकवलं असतं, तर त्या दिवशी ती वेळेवर जेवली असती.