स्वस्त इअरफोन घेताय? आधी बोलून बघा

सकाळी फिरायला निघालेल्यांच्या कानात हल्ली इअरफोन दिसतोच. कुणी भजने ऐकते, कुणी बातम्या आणि मध्येच घरून फोन येतो, ‘येताना दूध आणा!’ अशा वापरासाठी हजार-दीड हजार रुपयांच्या आतले, माइकसह येणारे ‘स्पोर्ट्स’ इअरफोन बाजारात ढिगाने आहेत. डब्यावर धावणाऱ्या तरुणाचे चित्र असते आणि ठळक अक्षरांत ‘डीप बास’. पण ‘स्पोर्ट्स’ हा शब्द म्हणजे एखादी कसोटी पार केल्याचा दाखला नव्हे.

घामासाठी डब्यावर ‘आयपीएक्स’ या अक्षरांपुढचा आकडा शोधा. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा, ५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे टिकणारा. चालण्या-धावण्याला ४ पुरेसा आहे. मात्र ही चाचणी साध्या पाण्याने होते आणि घाम असतो खारट. म्हणून व्यायाम झाला की इअरफोन कोरड्या फडक्याने पुसून ठेवावा. नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिले असेल आणि आकडा नसेल, तर त्यापायी जास्तीचे पैसे मोजू नका. वॉरंटीच्या अटीही वाचा. पाणी शिरून झालेला बिघाड त्यांतून अनेकदा वगळलेला असतो.

आता माइक. स्वस्त इअरफोनमध्ये हीच खरी लंगडी बाजू, आणि दुकानात तीच कुणी तपासत नाही. गाणे लावून बघतात, मान डोलावतात आणि पैसे देतात. वायरचा इअरफोन असेल तर आधी गोल पिन बघा. पिनेवर तीन काळ्या रेघा असल्या तर माइकची जोडणी आहे, दोनच असल्या तर नाही. अनेक नव्या फोनना गोल पिनेचे भोक नसते. मग टाइप-सी पिनेचा इअरफोन घ्यावा लागतो. पण असा प्रत्येक इअरफोन प्रत्येक फोनवर चालतोच असे नाही, म्हणून तो स्वतःच्याच फोनला लावून बघा.

वायरवरचा माइक तोंडाजवळ असतो, त्यामुळे आवाज बहुधा स्पष्ट जातो. फक्त ओढणी किंवा कॉलर त्यावर घासली की पलीकडच्याला खरखर ऐकू येते. बिनवायरी इअरफोनचा माइक कानापाशी राहतो, तिथे वारा आणि रहदारी दोन्ही शिरतात. डब्यावर ‘ईएनसी’ लिहिलेले असेल, तर ती तुमचा आवाज पलीकडे स्वच्छ पोचवण्याची सोय आहे. तुमच्या कानातला गोंगाट त्याने कमी होत नाही. विक्रेते ही दोन कामे सर्रास एकच करून सांगतात! तेव्हा दुकानाच्या दारात उभे राहून घरी एक फोन लावा आणि रस्त्याच्या आवाजात आपले बोलणे समजते का ते विचारा. दोन मिनिटांचे काम आहे. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

डब्यात रबरी टोप्यांचे दोन-तीन आकार असतात, ते सगळे लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असे नाही. टोपी बसवून जागच्या जागी उड्या मारा, जबडा हलवा. सैल टोपीतून बास निसटतो आणि आपण नकळत आवाज वाढवतो. धावताना वायर कपड्यावर आपटून कानात धप्‌धप् ऐकू येते. वायर कानामागून घेतली, चिमट्याने कपड्याला अडकवली, की ते बरेच कमी होते.

आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकले तर चालते. ९० डेसिबलला मात्र ही मुदत ४ तासांवर येते. रस्त्याने फिरणाऱ्यांनी तर कान घट्ट बंद करणारी टोपी टाळावी किंवा एकच कान लावावा. मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. बागेत किंवा व्यायामशाळेत दोन्ही कान लावायला हरकत नाही.

बिल मात्र जरूर घ्या. दुकानदार वॉरंटी नाकारू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तक्रार नोंदवताना बिल हाताशी लागते.