बॅटरीची वायर काढली, गाडीचा आजार गेला?

जुनी कार धक्के देऊ लागली की ‘बॅटरीची निगेटिव्ह वायर थोडा वेळ काढून ठेवा’ हा सल्ला इचलकरंजीतही हमखास मिळतो. त्याने नेमके काय होते?

इंजिनचा संगणक म्हणजे ईसीयू, ऑक्सिजन सेन्सरच्या नोंदींवरून पेट्रोल किती सोडायचे हे शिकत असतो. वायर काढली की अनेक जुन्या गाड्यांत ही शिकवण पुसली जाते. सेन्सर नुकताच बदलला असेल तर त्याचा फायदा होतो.

मात्र त्यासोबत बिघाडाचा कोडही पुसला जातो. दिवा विझतो, दोष राहतो. मिसफायर होत असेल तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते आणि स्पार्क प्लगवर भागणारे काम हजारोंत जाते.

बीएस-४ कारना २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचे झाले. त्यांचा कोड स्कॅनरवर वाचता येतो. तो आधी वाचावा, लिहून ठेवावा, दोष काढावा, मगच रिसेट करावे. धागा तुटून माग थांबला तर तो जोडल्याशिवाय या यंत्रमागनगरीत कोणी माग सुरू करत नाही. गाडीलाच वेगळा न्याय का?