आजारी माणसाच्या उशाशी

मैत्रिणींनो, घरात कुणी आजारी पडलं की आपण पदर खोचून उभ्या राहतो. पेज करतो, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतो, औषधाच्या वेळा सांभाळतो. एवढं केलं की शुश्रूषा झाली, असंच मलाही वाटत असे. गेल्या पावसाळ्यात मात्र माझा हा समज साफ उतरला.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. तीन दिवस खोकला आणि अंगात कणकण होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. चौथ्या दिवशी दुपारी थर्मामीटर लावला, तर ९९.४. मी सुटकेचा श्वास टाकला. त्यांनी चारचा चहासुद्धा मागितला नाही, नुसत्या पडून होत्या. "आज आई शांत झोपल्यात," असं मी ह्यांना फोनवर कौतुकानं सांगितलंसुद्धा!

संध्याकाळी नणंदेची मुलगी आली. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीचं मनगट धरून, घड्याळाकडे बघत ती चांगलं मिनिटभर बसली. मला वाटलं, नाडी बघते आहे. प्रत्यक्षात ती श्वास मोजत होती. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो, म्हणून नाडीचं निमित्त. श्वास भरले मिनिटाला तीस.

"आजी, आज वार कोणता गं?" तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लाडू वळून झाले का?" मला हसू आलं. ती मात्र हसली नाही.

"मामी, सकाळपासून लघवीला किती वेळा गेली?"

मला सांगता येईना. मी पेजेची वाटी घेऊन आले, तर तिनं माझा हात धरला. "अशी गुंगीत असताना तोंडात काही घालू नकोस. ठसका लागून श्वासनलिकेत जाईल." कपाटातला ऑक्सिमीटर काढला. २०२० साली घेतलेला, सेल संपलेले. नवे घालून बोटाला लावला, आकडा ८९. अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयात होतो. फोटो काढला, न्यूमोनिया निघाला. सहा दिवस ऑक्सिजन आणि इंजेक्शनं झाली, तेव्हा आई घरी आल्या.

शाळेत मी मुलांना 'निरीक्षण करा' म्हणून शिकवते, आणि घरात चार दिवस फक्त थर्मामीटर बघत होते! भाची म्हणाली, "मामी, गोळीनं ताप उतरतो, आजार उतरतोच असं नाही. आणि म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियातही कधी कधी फारसा ताप येत नाही. जेवण तुटणं, गळून जाणं, असंबद्ध बोलणं, हीच त्यांची लक्षणं. आम्हाला शिकवतात, आधी बघ, मग काल कसं होतं ते आठव, मग ठरव, आणि जे केलंस त्याचा उपयोग झाला का, ते परत बघ." आपल्या भाषेत ह्यालाच तारतम्य म्हणतात, नाही का?

तिनं मला एका जुन्या वहीत रकाने आखून दिले. तुम्हीही आखा. सकाळ-संध्याकाळ, आणि आजार जास्त वाटला तर दर चार तासांनी भरा:

१. ताप : आकडा, आणि तापाची गोळी किती वाजता दिली ती वेळ. गोळीनंतरचा आकडा फसवा असतो.

२. श्वास : पूर्ण मिनिट मोजा. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात.

३. नाडी : मोठ्या माणसाची साधारण ६० ते १००.

४. ऑक्सिजन : साधारण ९५ ते १००. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो. बोट चोळून, रंग पुसून पुन्हा बघा.

५. खाणं, पिणं, लघवी : किती आणि किती वेळा.

६. शुद्ध : नाव, वार, घरातली माणसं नीट सांगता येतात का?

आता थांबायचं कधी नाही, तेही लिहून ठेवा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला पंचवीसच्या वर जाणं, एक वाक्य बोलताना धाप लागणं, ओठ निळसर दिसणं, छातीत दुखणं, नव्यानं आलेली भूल किंवा न उतरणारी गुंगी, आठ-दहा तास लघवी न होणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली. ह्यातलं एकही दिसलं तर लगेच डॉक्टरांना गाठा. श्वासाला त्रास, गुंगी किंवा ९० च्या खालचा आकडा असेल तर थेट रुग्णालय. महाराष्ट्रात १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे, त्यांचा चालणारा आकडा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.

लहान मुलांचे श्वास मुळातच जलद, म्हणून त्यांचं माप वेगळं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. मूल शांत असताना मोजा, रडताना नको. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, किंवा बाळ पीत नसेल, तर रात्र काढू नका.

आणि डॉक्टरांना फोन करताना नुसतं "बरं वाटत नाहीये" म्हणू नका. "वय अठ्ठ्याहत्तर, चार दिवस खोकला, काल बोलत होत्या, आज भुलल्यासारखं करतात, श्वास तीस, ऑक्सिजन ८९," एवढं एका दमात सांगितलं की त्यांना चटकन ठरवता येतं.

एक काम मात्र आजच करा. घरातली सगळी धडधाकट आहेत तोवर प्रत्येकाचे श्वास आणि नाडी एकदा मोजून वहीत टिपा. नेहमीचं काय ते ठाऊक असेल, तरच बिघडलेलं ओळखू येईल. आमच्या आईंचे आज सकाळी अठरा भरले. मी मनगट धरून बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाडीचं सोंग नको करूस, कळतं मला. मोज आणि चहा टाक."