सहा देशांतलं तिसरं

परवा एक छोटी पोस्ट टाकली होती. महिला क्रिकेटच्या विश्वचषकाचा जल्लोष चालू आहे, त्यात आपल्या आइस हॉकीच्या पोरींचीही आठवण ठेवा, एवढंच म्हटलं होतं. जून 2025 मध्ये अल ऐनला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, महिलांचा आशिया चषक झाला. भारताच्या मुलींनी कांस्यपदक आणलं.

त्यावर आपल्याच गावच्या एका भाऊंची कॉमेंट. "सहा देशांत तिसरे आलो म्हणजे काय तीर मारला? खालच्या गटातली स्पर्धा ती. उगाच हवा करू नका." खाली हसणाऱ्यांची रांग. भाऊ माणूस चांगला आहे, सकाळी चहाला भेटतो, म्हणून नाव घेत नाही. पण उत्तर कॉमेंटमध्ये मावणारं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी भाऊंचं खरं काय आहे ते कबूल करतो. स्पर्धा खालच्याच पायरीवरची आहे. महिला आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपदात वरच्या गटात दहाच संघ. अमेरिका, कॅनडा, फिनलंड वगैरे. त्याखाली एकापाठोपाठ एक गट. आपण त्या शिडीच्या शेवटच्या पायरीवरसुद्धा नाही. आशिया चषक हा ज्यांना अजून शिडीच मिळालेली नाही त्यांच्यासाठी. जपान, चीन तिथे खेळत नाहीत. हे सगळं खरं. जूनमध्ये "भारतकन्यांनी जग जिंकलं" छापाचे फॉरवर्ड फिरवणाऱ्यांनीही हे जरा वाचावं.

आता प्रश्न असा, की आपण खालच्या पायरीवर का आहोत? पोरी कमी पडतात म्हणून?

या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलमधल्या स्पितीच्या. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. तिथे बर्फ म्हणजे तळं गोठेल तेव्हा. नाहीतर मैदानात रात्री पाणी सोडायचं आणि सकाळपर्यंत ते थिजायची वाट बघायची. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. दोन महिने, फार तर अडीच. हिवाळा जरा उबदार निघाला की तेही नाही. त्यातही रिंक आधी पोरांना, मग वेळ उरला तर पोरींना, असे दिवस या मुलींनी काढलेत. किट मागून आणायचं, मापाचे स्केट्स मिळाले तर नशीब. वर्षातले नऊ-दहा महिने बर्फच नाही. आपल्याकडच्या पोराला सांगा, तू पोहण्यात देशासाठी खेळ, पण पाण्यात फक्त दोन महिने उतरायचं. बघा काय म्हणतो.

अशा तयारीवर हा संघ 2016 ला पहिल्यांदा तैपेईला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्या वर्षी बँकॉकला जायला पैसे नव्हते, लोकांकडून वर्गणी गोळा केली. आपण गणपतीला करतो तशी, फक्त देशाच्या संघासाठी. आणि त्या बँकॉकमध्ये मार्च 2017 ला फिलिपिन्सला 4-3 हरवलं. पहिला विजय. मग मलेशियालाही हरवलं.

आता जरा नावं बघा. तैपेई, बँकॉक, अल ऐन. यातल्या कुठल्या गावात बर्फ पडतो हो? अल ऐन तर वाळवंटातलं शहर. थायलंड, फिलिपिन्समध्ये मॉलमध्ये रिंक आहेत, बाहेर घाम गाळत यायचं आणि आत स्केट्स बांधायचे. इराणचं उदाहरण तर मला सगळ्यात जास्त बोचतं. तेहरानच्या एका मॉलमध्ये 2019 च्या सुमारास मोठा रिंक झाला. तिथल्या बायकांवरची बंधनं आपण बातम्यांत वाचतो. तरी काही वर्षांत त्या मुलींचा संघ उभा राहिला आणि 2023 ला बँकॉकच्या स्पर्धेत थेट दुसरा आला.

म्हणजे या खेळाला थंडी लागत नाही. कॉम्प्रेसर लागतो, वीज लागते, छप्पर लागतं आणि ते रोज चालू ठेवणारं कुणीतरी लागतं. हिमालय असून नसल्यासारखा.

आपल्याकडे हे नव्हतंच असं नाही, आणि रागाची खरी गोष्ट ही आहे. जानेवारी 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा डेहराडून आणि औलीला झाल्या. त्यासाठी डेहराडूनला आंतरराष्ट्रीय मापाचा बंदिस्त रिंक बांधला. फीत कापली, स्पर्धा झाली, फोटो निघाले. मग? चालवायचा खर्च कुणी करायचा, या घोळात कुलूप. 2025 मध्ये दुरुस्त होऊन तो पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये तिथे स्पीड स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली. चांगलं झालं. पण मधली चौदा वर्षं? त्यातला बहुतेक काळ तयार रिंक बंद, आणि देशाच्या पोरी लेहला तळं गोठायची वाट बघतायत. 2011 ला दहा वर्षांची असलेली मुलगी रिंक उघडेपर्यंत चोवीस वर्षांची झाली, राव! खेळाडूचं वय म्हणजे केवढं असतं?

कुणी म्हणेल, क्रिकेटच्या पैशातला वाटा यांना द्या. 2024 ला टी-20 विश्वचषक जिंकल्यावर बोर्डाने 125 कोटी दिले, आपल्या राज्य सरकारने वर 11 कोटी जाहीर केले. बोर्डाने बोर्डाचे दिले, त्यावर माझं भांडण नाही. सरकारच्या 11 कोटींवर मात्र आहे. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांना जनतेच्या तिजोरीतून बक्षीस कशाला? पण तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी. बक्षीस जिंकल्यावर मिळतं. रिंक जिंकायच्या आधी लागतो.

भाऊ, तुमच्या "सहा देश" वर येतो. एप्रिल 1973 मध्ये आपल्या पुण्यात महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. किती संघ होते माहीत आहे? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्यातलं तिसरं म्हणजे शेवटचंच. तेव्हाही कुणी चहा पिता पिता हसलंच असेल, की बायका कसलं क्रिकेट खेळणार. त्यानंतर कित्येक वर्षं त्या खेळाडूंनी रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास केला, वसतिगृहात जमिनीवर झोपल्या. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषक उचलला तो त्या तीन संघांपासून चालत आलेला आहे. सांगलीच्या स्मृतीचं स्टेटस तुम्हीही ठेवलं होतं. मी बघितलंय.

आमच्या धंद्याचंही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच झोडतो. जूनमध्ये कांस्यपदकाची बातमी मी करून पाठवली. डेस्कवरून फोन, "आपल्या जिल्ह्यातली कुणी आहे का त्यात?" नाही म्हटलं. चार ओळी लागल्या, बाजारभावाच्या शेजारी. मीही भांडलो नाही, गप्प बसलो. तेव्हा हसणाऱ्यांत माझाही थोडा वाटा धरा.

आयटीबीपीने मुलींचा संघ उभा केला, लडाखच्या खेळाडूंना वर्दी आणि पगार मिळाला, हे या सगळ्यात खरोखर चांगलं झालेलं काम. पोरीला घरून सोडतात ते नोकरी दिसली की. आपल्याकडे खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्याच आकड्याकडे बघून आपले पालक पोरींना कबड्डीला पाठवतात. तिथेही तेच गणित.

आणि डेहराडून लांब आहे म्हणून सुस्कारा टाकू नका. आपल्या तालुका क्रीडा संकुलातला बॅडमिंटनचा हॉल आठवतोय ना? उद्घाटनाला अख्खं गाव होतं. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. दाराला कुलूप, खिडकीतून बघितलं तर आत लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या. चावी कुणाकडे आहे हे तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली.

काल माहिती अधिकारात अर्ज दिलाय. हॉल किती दिवस खेळासाठी उघडला, किती दिवस इतर कार्यक्रमांना दिला, वीजबिल कोण भरतं, चावी कुणाकडे असते. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. आलं की इथेच टाकतो. भाऊ, तुमची मुलगी शाळेकडून बॅडमिंटन खेळते, माझ्या लक्षात आहे. अर्जाची प्रत हवी असेल तर सकाळी चहाला घेऊन येतो.